बी-सात

पोतं एसटीतनं आलं, दाजीपूरच्या गाडीनं.
आत पाला, थोडी साल,
आणि चुकून आलेला एक खेकडा, जिवंत, रागावलेला.
मी हसले. हुक्केरी मॅडम हसल्या नाहीत.
"नोंद करा. खेकड्याची नको, पाल्याची."
त्याला मी राजाराम तलावात सोडून आले.

बयाबाई झोरेनं झाडाचं नाव सांगितलं नाही.
नाव फुटलं की गुण जातो, म्हणाली.
मला लॅटिनमधलं ठाऊक आहे,
ते मीही तिला सांगितलं नाही. फिटंफाट.
वहीत लिहिलं: बी-सात.

अकरा दिवस सावलीत वाळवलं, दळलं,
मिथेनॉलमध्ये भिजवलं, गाळलं, आटवलं.
चार किलो पाल्याचं उरलं
काहिलीच्या काठाला काकवी चिकटावी एवढं.
वास मात्र भिजल्या पायताणाचा.

पेशी एका बाईच्या.
परमुलखातली, मी जन्मायच्या आधीच गेलेली.
तिच्या छातीतलं पाणी कुणीतरी काढून ठेवलं
आणि ती अजून वाढतेय,
सागरमाळावर, तिसऱ्या मजल्यावर, सदतीस अंशांत,
दर तीन दिवसांनी जागा मागते.
लाइट गेली की मी आधी तिच्याकडे धावते.
तिला खायला वासराच्या रक्तातलं पाणी लागतं,
न जन्मलेल्या वासराच्या.
हे एकदा फोनवर बोलून गेले.
बयाबाई बराच वेळ गप्प.
मागं म्हशी रेकत होत्या.

शहाण्णव खळगे, नखाएवढे.
शेवटी पिवळा रंग टाकायचा.
जिवंत पेशी त्याचा जांभळा करते,
मेलेलीला रंग बदलता येत नाही.
म्हणजे आमच्याकडं उलटं:
गुलाल उधळला तर हरलो,
भंडारा राहिला तर जिंकलो.
बयाबाईला हे लगेच पटलं.
"बिरोबाचाच हाय म्हण की."

चार तास.
खाली जाऊन वडा खाल्ला, चव लागली नाही.
वर आले तर
भंडारा. सगळीकडं भंडारा, पट्टणकोडोलीची जत्रा.
मॅडमना हाक मारायला तोंड उघडलं
आणि नजर गेली अकराव्या रांगेकडं,
जिथं पाला नव्हताच,
नुसतं ते द्रावण, ज्यात आम्ही पाला विरघळवतो.
तिथंही पिवळं.

एक शून्य चुकलं होतं पातळ करताना,
माझ्या हातून.

संध्याकाळी फोन. "मेल्या का गं?"
"मेल्या. तुझ्या पाल्यानं नाही."
"मग कशानं?"
"माझ्या चुकीनं."
"मग तुझी चूकच धाड की बाटलीत भरून."
हसली. मग थांबली.
तेव्हा सांगितलं तिनं: सगुणाच्या, सुनेच्या,
छातीत गाठ. दिवाळीपासनं.
"त्योच काढा देतो रोज सकाळी."

मी ओरडले. वॉचमन बघायला आला, एवढी.
सीपीआरला आण. उद्या, पहिल्या गाडीनं.
काढा बंद. ते औषध नाही, आत्ता नुसता प्रश्न आहे.
"प्रश्न? आन् तू दोन वरसं त्याच्याच मागं हाईस."
यावर काय बोलायचं
ते पीएचडीत शिकवत नाहीत.

केसपेपरच्या रांगेत भेटल्या.
सगुणा माझ्याहून लहान निघाली,
तिनं माझ्याकडं बघितलंही नाही,
नंबर पुकारतायत तिकडं कान.
बयाबाईनं पिशवीतनं पुडकं काढलं:
"आधीची कवळी व्हती. ही जून पानं.
परत बघ. अन् शून्य नीट मोज."

आज मंगळवार. शून्य तीनदा मोजलंय.
अकरावी रांग जांभळी, ठणठणीत.
बी-सातच्या रांगा
मला किंचित फिकट वाटतात.
वाटण्याला इथं किंमत नाही.
मशीन गरम व्हायला दहा मिनिटं घेतं,
फोन दोनदा वाजून थांबलाय,
मी हातमोजे काढलेले नाहीत.